जास्त आधार लागणारं मूल वर्गात आलं, की शिक्षकांना आधार कोणाचा?

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गात सई नावाची मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे तिचा स्नायूंवर पुरेसा ताबा नाही. आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही, शू लागली तर सांगता येत नाही, आणि मधूनच फिट येते. या शाळेत शिकण्याचा तिला कायद्याने पूर्ण हक्क आहे. वर्गशिक्षिका अनुभवी आहेत, मुलांवर जीव लावणाऱ्या आहेत. पण अशा मुलीला शिकवायचं कसं, हे त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नाही. सगळ्यांचे प्रश्न सईबद्दल असतात: प्रमाणपत्र निघालं का, खुर्ची मिळाली का, भत्ता खात्यात आला का. बाईंना काय हवंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. तीव्र किंवा एकापेक्षा जास्त प्रकारचं दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या माणसांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? माझं मत सुरुवातीलाच सांगते. अशा शिक्षकांना आणखी एक प्रशिक्षण नको असतं. त्यांना हवं असतं पुन्हापुन्हा वर्गात येणारं, शेजारी बसून करून दाखवणारं एक जाणतं माणूस, आणि त्या माणसाशी बोलायला ठरलेला वेळ.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शाळा जवळची नेहमीची निवडायची की विशेष, हे कुटुंबाने ठरवायचं. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र व बहुविकलांग मुलांसाठी घरी राहून शिकण्याचा पर्याय आला. हा पर्याय पालकांचा आहे, शाळेचा नाही. ‘याला घरीच ठेवा, आम्ही कुणाला तरी पाठवू’ असं शाळेने सुचवणं कायद्याच्या हेतूला धरून नाही. तरीही ते होतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे दुष्टपणा नसतो, भीती असते. एकट्या पडलेल्या शिक्षकाला भीती वाटणारच.

एक गोष्ट शिक्षकांनी लवकर लक्षात घ्यावी. प्रमाणपत्रावरचे टक्के सवलती आणि योजनांसाठी असतात. ‘८० टक्के’ या आकड्यावरून सई काय समजते, तिला काय आवडतं, पाणी कसं पाजायचं, यातलं काहीही कळत नाही. त्या कागदावरून मुलीच्या शिकण्याची मर्यादा ठरवली, तर पहिल्याच दिवशी तिचं नुकसान होतं.

या बाबतीत अ‍ॅन डोनेलन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली एक साधी कसोटी मांडली होती. मूल किती समजतं याची खात्रीलायक माहिती नसेल, तेव्हा असा अंदाज धरावा की जो चुकीचा निघाला तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल. म्हणजे ‘तिला समजतंय’ असं धरून गोष्ट वाचून दाखवली आणि पुढे कळलं की फारसं समजत नव्हतं, तर बिघडलं काय? पण ‘तिला काय कळणार’ म्हणून पाच वर्षं गोष्टच वाचली नाही आणि तिला सगळं समजत होतं, तर ती पाच वर्षं परत देता येत नाहीत. शिक्षकांशी बोलायची सुरुवात मी नेहमी इथून करावी असं सांगेन, कारण बाकीचे सगळे निर्णय यातून निघतात.

चमूत कोण कोण

कागदावर चमू मोठा दिसतो: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक, तालुक्याच्या गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आणि आसपासच्या शाळांचा गट म्हणजे ‘केंद्र’ सांभाळणारे केंद्रप्रमुख. प्रत्यक्षात सईच्या दिवसात आणखी माणसं असतात आणि त्यांची नावं कुठल्याच आराखड्यात नसतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई तिची खिचडी मऊ करून देतात. शेजारी बसणारी मैत्रीण तिचं दप्तर उघडते. अंगणवाडी सेविकेने तिला तीन वर्षांची असल्यापासून पाहिलेलं असतं. आणि आई. कितीतरी शाळांमध्ये आई दिवसभर वर्गाबाहेर ओट्यावर बसून असते, कारण ‘काही झालं तर’.

चमूला आधार द्यायचा म्हणजे या सगळ्यांना एकाच गोष्टीबद्दल एकसारखं बोलायला लावायचं. फिजिओथेरपिस्टने आईला सांगितलं एक, विशेष शिक्षकाने सांगितलं दुसरं, आणि बाईंना कुणीच काही सांगितलं नाही, असं चालत असेल तर तज्ज्ञ कितीही चांगले असोत, सईच्या हाती काही लागत नाही.

प्रशिक्षणं होतात, वर्ग बदलत नाही. का?

आपल्याकडे शिक्षकांची प्रशिक्षणं कमी नाहीत. शिक्षकांसाठीच्या ‘निष्ठा’ या सरकारी कार्यक्रमाचे ऑनलाइन कोर्स झाले, तालुक्याला उद्बोधन झालं, एनसीईआरटीने २०२२ मध्ये दिव्यांगत्वाची प्राथमिक चाचपणी करायला ‘प्रशस्त’ नावाची तपासणी सूची दिली. माहिती मिळते. पण माहिती मिळणं आणि सोमवारी सकाळी सईला गणिताच्या तासात सामील करून घेणं यांत मोठी दरी आहे.

ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून हाच प्रश्न धसास लावला: प्रशिक्षणात शिकलेलं वर्गात का उतरत नाही? त्यांना असं दिसलं की नुसती व्याख्यानं, अगदी प्रात्यक्षिकांसकट, फारशी उतरत नाहीत. उतरतं तेव्हा, जेव्हा शिक्षक आपल्याच वर्गात ते करून बघतो आणि कुणीतरी सोबत राहून त्याला सांगत जातं. सगळ्याच शिक्षकांना हे लागू आहे. सईच्या बाईंना दुप्पट लागू आहे, कारण सईसारखी दुसरी मुलगी त्यांच्या अनुभवात नाही.

आता विशेष शिक्षकांची भेट पाहू. ते येतात, सईला व्हरांड्यात किंवा रिकाम्या खोलीत घेऊन जातात, अर्धा-पाऊण तास शिकवतात, नोंदवहीत सही करतात आणि पुढच्या शाळेला निघतात. मनापासून काम करणारे असतात, यात शंका नाही. पण हिशेब मांडून बघा. पंधरा दिवसांतून एक तास धरला, तर शैक्षणिक वर्षात मिळून झाले वीसेक तास. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान ८०० तास अध्यापन सांगितलंय. वीस तासांत सईला शिकवायचं, की त्या वीस तासांत बाईंना तयार करायचं, म्हणजे उरलेले तास सईच्या उपयोगी पडतील?

म्हणून भेट वर्गात व्हायला हवी. पहिली दहा मिनिटं विशेष शिक्षकांनी नुसतं बघावं. मग बाईंचा तास चालू असताना सईजवळ बसून एक गोष्ट करून दाखवावी. एकच. पुढची दहा मिनिटं तीच गोष्ट बाईंनी करावी आणि विशेष शिक्षकांनी वर्ग सांभाळावा. शेवटी पाच मिनिटं बोलावं: काय जमलं, काय अडलं, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं. यात बाईंची परीक्षा घेतली जातेय असं वाटता कामा नये. वहीत शेरा लिहिणारा माणूस आणि शेजारी बसणारा माणूस वेगळा असला, तर शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने सांगतात.

सगळ्यांत आधी बोलण्याचं साधन

एकच गोष्ट दाखवायची तर कोणती? माझं उत्तर पक्कं आहे: संवाद. ज्या मुलाला ‘हो’, ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘दुखतंय’ सांगता येत नाही, त्याला शिकवणं आपल्याला जमत नाही, आणि त्याला काय येतं हेही कळत नाही.

यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेला चित्रांचा तक्ता पुरतो. पण तक्त्यावर काय असावं, यात हमखास गफलत होते. आपण आंबा, केळं, गाय, मोटार लावतो. हे शब्द महत्त्वाचे खरे, पण दिवसभरात मूल ते किती वेळा वापरणार? ‘अजून’, ‘संपलं’, ‘मला’, ‘तू’, ‘नको’, ‘मदत’, ‘बघ’, ‘आवडलं’ हे थोडेच शब्द असले, तरी ते परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत प्रत्येक ठिकाणी कामी येतात. आधी हे लावावेत, मग त्या त्या धड्याचे शब्द जोडावेत. मोबाइल किंवा टॅब असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. कागदी तक्ता तरीही जवळ असावा. बॅटरी संपली म्हणून मुलीचं बोलणं बंद पडता कामा नये.

तक्ता समोर ठेवून ‘दाखव, पाणी कुठंय?’ असं विचारत बसणं म्हणजे शिकवणं नव्हे, ती परीक्षा झाली. लहान बाळाशी आपण वर्षभर बोलत राहतो, तेव्हा कुठे ते पहिला शब्द बोलतं. तक्त्याचंही तसंच आहे. बाईंनी स्वतः बोलताना तक्त्यावर बोट ठेवायचं. खिचडी वाढताना ‘अजून?’ म्हणत ‘अजून’वर बोट. गोष्ट संपली की ‘संपलं’वर बोट. वर्गातल्या मुलांनीही तसंच करायचं, आणि मुलं हे फार पटकन उचलतात. सईकडून उत्तराची सक्ती नाही. काही आठवडे, कदाचित काही महिने, नुसतं दाखवत राहायचं.

आणि थांबायचं. प्रश्न विचारला की आपण दोन सेकंदांत पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा मोठ्याने विचारतो आणि मग तिचा हात धरून आपणच उत्तर देतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला डोक्यातलं उत्तर हातापर्यंत पोचवायला वेळ लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं, तिच्या चेहऱ्याकडे बघावं. डोळे हलले, श्वास बदलला, बोट किंचित उचललं गेलं, तर ते उत्तर असू शकतं. घाईच्या वर्गात दहा सेकंद फार मोठे वाटतात, म्हणूनच पहिल्यांदा कुणीतरी सोबत असताना हे करून बघावं.

‘तक्ता दिला तर ती बोलायचा प्रयत्नच सोडून देईल’, ही भीती पालकांना वाटते, कधी शिक्षकांनाही. संशोधनातून तसं दिसलेलं नाही. अशा साधनांमुळे बोलणं कमी होत नाही, काही मुलांचं तर थोडं वाढतं. ही गोष्ट आईला बाईंनी सांगण्यापेक्षा बाई आणि विशेष शिक्षक दोघांनी मिळून सांगितली, तर जास्त पटते.

मदतीचा हात कधी मागे घ्यायचा

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या मायकल जिआनग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते आपल्या शाळांनाही चपखल लागू पडतं. दिव्यांग मुलाजवळ मोठं माणूस सतत चिकटून बसलं, की वर्गशिक्षक हळूहळू त्या मुलाची जबाबदारी सोडून देतात, इतर मुलं जवळ येत नाहीत आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी त्या माणसाकडे बघायला लागतं. आपल्याकडे ते माणूस बहुधा आई असते. तिला ओट्यावर बसवून ठेवणं हा शाळेला सुरक्षित उपाय वाटतो. त्यात आईची मजुरी बुडते, आणि सईला वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एक होता येत नाही.

मदत टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची, हे चमूला शिकवावं लागतं. डबा उघडण्याचं उदाहरण घ्या. आधी नुसती वाट बघायची. मग डब्याकडे बोट दाखवायचं. मग आपण एकदा उघडून दाखवायचं. त्यानेही नाही झालं तर कोपराला हलका आधार. अगदी शेवटी तिच्या हाताखाली आपला हात. वरून पकडायचा नाही, खालून द्यायचा, म्हणजे नको असेल तेव्हा तिला हात काढून घेता येतो. ज्या मुलांना दिसत नाही, किंवा दिसत-ऐकू येत दोन्ही नाही, त्यांच्यासाठी हाच फरक विश्वासाचा असतो, कारण हात हेच त्यांचे डोळे.

एक धोका कायम लक्षात ठेवावा. आज कोपराला आधार दिला आणि वर्षभर तोच देत राहिलो, तर ती आधाराची सवय होते. म्हणून कागदावर नोंद हवी.

एक पान, तीन उद्दिष्टं

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा हे नाव सगळ्यांना माहीत आहे. तो बहुतेक वेळा आठ-दहा पानांचा होतो, फाइलला लागतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतो. वर्गात चालणारा आराखडा एका पानावर मावतो. वर मुलीबद्दल दोन ओळी: तिला काय आवडतं, काय जमतं. त्याखाली तीन उद्दिष्टं, आणि प्रत्येकापुढे ते दिवसात नक्की कधी घ्यायचं ही वेळ.

उद्दिष्ट दिसेल, मोजता येईल असं हवं. ‘संवादकौशल्य विकसित करणे’ याने काही कळत नाही. ‘जेवताना ‘अजून’ किंवा ‘संपलं’ यांतलं एक तक्त्यावर स्वतः दाखवेल, पाच वेळांपैकी तीन वेळा’ हे स्वयंपाकाच्या ताईंनाही कळतं. तिसरं उद्दिष्ट अभ्यासाचंच असावं, यावर मी अडून बसेन. जास्त आधार लागणाऱ्या मुलांना दात घासणं, केस विंचरणं एवढंच शिकवायचं असा एक समज आहे. स्वतःचं आवरता येणं मोलाचं आहेच, पण शाळेत ती पुस्तकासाठीही आलेली असते.

परिसर अभ्यासात पाण्याचा धडा चालू आहे. बाकीची मुलं पाण्याच्या स्रोतांची यादी लिहितात. सईसमोर विहीर, नळ आणि चूल यांची चित्रं आहेत. पाणी कुठून येतं ते तिने नजरेने किंवा बोटाने निवडायचं. त्याआधी तिच्या हातावर थंड पाणी ओतलेलं आहे. धडा तोच, अपेक्षा तिच्या पायरीची, आणि ती वर्गातच बसलेली. अशी जुळवणी आयत्या वेळी सुचत नाही; ती आदल्या आठवड्यात पंधरा मिनिटं बसून करावी लागते, आणि ती पंधरा मिनिटं वेळापत्रकात धरायचं काम मुख्याध्यापकांचं.

नोंदीसाठी वहीत चार खुणा पुरतात: स्वतः केलं, खुणेने केलं, करून दाखवल्यावर केलं, हात देऊन केलं. दोन आठवड्यांनी त्या खुणांकडे बघितलं की बोलायला काहीतरी ठोस मिळतं. ‘काहीच प्रगती नाही’ असं म्हणणाऱ्या बाईंना दिसतं, की ‘हात देऊन’च्या जागी ‘खुणेने’ यायला लागलंय. इतका सावकाश बदल रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यामुळे ही नोंद अधिकाऱ्यांपेक्षा बाईंच्याच जास्त कामाची असते.

शरीर सांभाळणं: हे कुणीतरी दाखवलंच पाहिजे

शिक्षकांची खरी भीती इथे असते, आणि ती लेखी सूचनांनी जात नाही. फिजिओथेरपिस्टने वर्गात येऊन, सईला तिच्याच खुर्चीत बसवून दाखवायला हवं. पार्श्वभाग मागे टेकलेला, पाय कशावर तरी टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला. पाय लोंबकळत असले तर तिची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हात मोकळे राहत नाहीत. पायाखाली पाट ठेवल्याने हस्ताक्षर सुधारलेली मुलं असतात. शिबिरात मिळालेली सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खास खुर्ची, दोन वर्षांनी लहान होते. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. खुर्ची दर सहा महिन्यांनी बघायची जबाबदारी कुणाची, हे नाव घालून लिहून ठेवावं.

भरवताना मुलगी बसलेली हवी, मान मागे टाकलेली नको. आडवं करून किंवा मान वर करून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. काही मुलांना पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा जास्त ठसका आणतात. वरणाचं पाणी सोपं म्हणून देतो, आणि नेमका त्याचाच त्रास होतो. वारंवार ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर येत असेल, छातीत वरचेवर कफ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

फिट आली तर काय करायचं, हे वर्गाच्या भिंतीवर लावावं आणि मुलांनाही सांगावं. वेळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हात-पाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट घेता येत नसेल, तर १०८ ला फोन करा. सईची औषधं आणि नेहमीची फिट कशी असते, हे आईकडून लिहून घ्यावं.

शू-शी आणि कपडे बदलण्याबाबत एकच आग्रह. ते आडोशाला व्हावं, बाईमाणसाने करावं, करण्याआधी तिला सांगावं आणि त्याबद्दल वर्गात चर्चा होऊ नये. कोण करणार, ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण, हे आधीच ठरलेलं हवं. हे ठरलेलं नसतं, म्हणूनच आईला ओट्यावर बसावं लागतं.

ओरडणं, चावणं, डोकं आपटणं

ज्याला शब्द नाहीत, त्याचं शरीर बोलतं. परिपाठात लाऊडस्पीकर सुरू झाला की एखादा मुलगा शेजारच्याला चावत असेल, तर त्याला ‘आवाज नको’ म्हणायचं असू शकतं. त्याआधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं, या तीन गोष्टी आठवडाभर लिहिल्या की बहुतेक वेळा कारण हाती लागतं. अचानक सुरू झालेल्या त्रासात दात, कान, पोट, बद्धकोष्ठ आधी तपासावं. मग त्याला ‘नको’ सांगायचा सोपा मार्ग द्यावा आणि सुरुवातीला तरी तो ‘नको’ ऐकावा. शिक्षकांना इथे धीर देणारं माणूस फार लागतं, कारण चावा घेतलेल्या हातासह दुसऱ्या दिवशी त्याच मुलाजवळ शांतपणे बसायचं असतं.

व्यवस्थेकडून काय हवं

आतापर्यंत सांगितलेलं सगळं विशेष शिक्षकांवर अवलंबून आहे, आणि ते पुरेसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते पाचवीला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना मंजूर पदं जाहीर करून ती भरायला पुन्हा बजावलं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला एक अशी ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांसाठी ते मोठं पाऊल आहे. तरी एका केंद्रात अनेक शाळा असतात, आणि एका माणसाने सगळीकडे दर आठवड्याला पोचणं शक्य नाही. म्हणूनच मुलाला बाजूला घेऊन शिकवण्यापेक्षा चमूला तयार करण्यात त्यांचा वेळ घालणं गरजेचं आहे.

पैशाचंही बघू. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन. यात साधनं, थेरपी, भत्ते, शिबिरं सगळं बसवायचं असतं. रक्कम वाढायला हवीच, पण चित्रांचा तक्ता, पाट, वर्गातली भेट आणि पंधरा मिनिटांची बैठक यांना यातलंही फारसं काही लागत नाही.

आणखी एक दुवा वापराविना पडलेला आहे. आपल्याकडे विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि जिल्हा परिषदेच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. जय वकील संस्थेची मुंबईतली शाळा १९४४ पासून, पुण्यातली कामायनी १९६४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी मिथू अलूर यांनी मुंबईत १९७२ साली सुरू केलेली संस्था आज ‘अडॅप्ट’ नावाने ओळखली जाते. अशा संस्थांमधल्या माणसांच्या हातात जे कौशल्य आहे, ते शेजारच्या तालुक्यातल्या बाईंपर्यंत पोचत नाही, कारण दोघींचे अधिकारी वेगळे, बैठका वेगळ्या. केंद्राच्या दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत जवळच्या विशेष शाळेतल्या एका शिक्षिकेला बोलावलं आणि सईच्या बाईंना त्या शाळेत एक दिवस बसू दिलं, तर त्यासाठी नवा शासन निर्णय कशाला हवा?

मूल मागे जातं तेव्हा

याबद्दल शाळेत सहसा कुणी बोलत नाही. काही आजार वाढत जाणारे असतात. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा आजार असलेला मुलगा पहिलीत धावत येतो, तिसरी-चौथीत जिने चढताना पडायला लागतो आणि बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाच्या खुर्चीत असतो. बाईंना वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांना आजाराची खरी माहिती कुटुंबाच्या परवानगीने आणि वेळेवर मिळायला हवी. मग उद्दिष्टं बदलतात: जिना चढणं सोडून वर्ग तळमजल्यावर आणणं, लिहिणं सोडून तोंडी उत्तरं घेणं, दमणूक वाचवणं. त्याची बुद्धी आणि त्याच्या मित्रांची साथ शाबूत असते, आणि शाळा त्यासाठीच असते.

अशी काही मुलं लवकर जातातही. त्या वर्गाच्या बाईंना दुसऱ्या दिवशी हजेरीपट उघडायचा असतो आणि चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात. त्या दिवशी केंद्रप्रमुखांनी किंवा विशेष शिक्षकांनी शाळेत असावं, पहिला तास बाईंसोबत वर्गात बसावं. प्रशासनात यासाठी रकाना नाही, पण फोन करून ‘मी येतेय’ म्हणायला रकाना लागत नाही.

जूनमधलं हस्तांतर

चौथी झाली की सई दुसऱ्या शाळेत जाते, आणि चार वर्षांत बाईंनी, ताईंनी, मैत्रिणींनी जे शिकलं ते मागे राहतं. नवे सर पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून एप्रिलमध्येच नव्या वर्गशिक्षकांनी अर्धा दिवस येऊन सईला तिच्या ओळखीच्या माणसांमध्ये बघावं. सोबत एक पान द्यावं: ‘हो’ म्हणताना ती डोळे वर नेते, ‘नको’ म्हणताना मान डावीकडे वळवते, उत्तराला दहा सेकंद लागतात, ताक पाजताना ठसका लागतो, दही चालतं, घंटेआधी सांगितलं तर दचकत नाही, गोष्टींमध्ये प्राण्यांच्या गोष्टी आवडतात, फिटची औषधं कोणती आणि किती वाजता, तक्त्यावर सध्या बारा चित्रं आहेत, ‘उद्या’ हे पुढचं घ्यायचं आहे. पानाच्या खाली जुन्या बाईंचा फोन नंबर, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली दोघांच्या भेटीची तारीख.